लहान मुलांसाठी कॅज्युअल्टी सज्ज करताना

जिथे मोठ्यांची आणि लहानांची कॅज्युअल्टी एकच असते, तिथे येणारी बहुतेक मुलं ताप, जुलाब, खोकला नाहीतर पडून लागलं म्हणून येतात आणि तपासून घरी जातात. जिवावर बेतलेलं मूल क्वचित येतं. आमच्या कामाची सगळी मांडणी याच गोष्टीवरून ठरली. जे रोज करावं लागत नाही ते हातात बसत नाही. मध्यरात्री आकडी आलेलं सात किलोचं बाळ समोर आलं की चांगल्या अनुभवी माणसाच्याही डोक्यातले गुणाकार अडखळतात. म्हणून आठवणीवर काही सोडायचं नाही, आधी लिहून, मोजून, भरून ठेवता येईल ते सगळं ठेवायचं, असं ठरवून विभाग मुलांसाठी तयार करायला घेतला.

पहिलं काम माणसं नेमण्याचं होतं. एक डॉक्टर आणि एक सिस्टर, दोघांकडे मुलांच्या तयारीची जबाबदारी नावानिशी दिली. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचं’ असं म्हटलं की कोणीच ठेवत नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये चार हजारांहून अधिक आपत्कालीन विभागांची मुलांसाठीची तयारी शंभर गुणांच्या मापाने तपासली गेली, तेव्हा मध्यक गुण ६९च्या आसपास होते आणि जिथे असे जबाबदार समन्वयक होते तिथले गुण वरचे होते. तयारीचे गुण जास्त असलेल्या विभागांत अत्यवस्थ मुलांचे मृत्यू कमी होतात, हेही नंतरच्या अभ्यासात दिसलं. विशेष म्हणजे त्या गुणांतला मोठा वाटा महागड्या यंत्रांना नाही. वजन किलोत नोंदणं, योग्य मापाची साधनं हाताशी असणं, लिखित पद्धती असणं, अशाच गोष्टींना तो आहे.

वजनावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मुलाचा प्रत्येक डोस किलोवर ठरतो. वजन चुकलं की पुढचं सगळं चुकतं, आणि कागदावर ते चुकलेलं दिसतही नाही. वजनकाट्यावर किलो आणि पौंड असे दोन्ही पर्याय असतील तर पौंडाचं बटण कायमचं बंद करून घ्यावं. कोणी पौंडातला आकडा किलो समजून लिहिला तर डोस दुपटीहून जास्त होतो. बाळांचा काटा ट्रायाजच्या, म्हणजे आल्या आल्या आजाराची निकड ठरवतात त्या टेबलावरच हवा, आतल्या खोलीत नको. आत असला की गर्दीत ‘नंतर करू’ म्हणून वजन राहून जातं. केस पेपरवर वजनाचा रकाना सर्वांत वर आहे आणि त्यापुढे दोनच शब्द छापलेत : ‘मोजलेलं’ आणि ‘अंदाजे’. एकावर खूण केल्याशिवाय औषध लिहायचं नाही.

मुलाला काट्यावर ठेवण्याइतकी सवड नसते तेव्हा लांबीवरून वजन काढायची रंगीत पट्टी वापरतो. ब्रोझलो टेप म्हणून ती ओळखली जाते. तिचं लाल टोक डोक्याशी धरायचं आणि माप टाचेपर्यंत घ्यायचं, पायाच्या बोटांपर्यंत नाही. बाळाने पाय आखडलेले असतात, म्हणून एकाने गुडघे हलकेच दाबून सरळ धरावे लागतात. हे केलं नाही तर मूल एक रंग खाली जातं. पट्टी सडपातळ मुलाचं वजन जास्त आणि स्थूल मुलाचं कमी सांगते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. वयात चार मिळवून त्याला दोनाने गुणायचं हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण आम्ही ते शेवटचा पर्याय म्हणून ठेवलं आहे. त्यापेक्षा आईला विचारलेलं बरं. आईबाबांनी सांगितलेलं वजन वयाच्या सूत्रापेक्षा खऱ्याच्या जवळ असतं.

वजन हाती आलं की पुढचा गुणाकार माणसाने करायचा नाही, म्हणून डोसची वही केली. ३ किलोपासून प्रत्येक किलोला एक पान. पानावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि त्याच ओळीत मिलिलिटर, कारण सिरिंजमध्ये मिलिलिटरच ओढायचे असतात. विभागात ज्या ताकदीचं अँप्युल (औषधाची काचेची कुपी) आहे त्याचेच मिलिलिटर लिहिले आहेत. खरेदीत ताकद बदलली तर ते पान त्याच दिवशी बदलावं लागतं. औषधभांडार आणि विभाग यांच्यात हा निरोप पोचेल अशी व्यवस्था नसेल तर अशी वही नसलेली बरी, कारण जुनं पान ठासून खोटं सांगतं.

ॲड्रेनलिनचं उदाहरण घेऊ. अँप्युल १ मिलिलिटरचं, त्यात १ मिलिग्रॅम. सात किलोच्या बाळाला तीव्र ॲलर्जीची रिॲक्शन आली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ०.०१ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ०.०७ मिलिलिटर, विरळ न करता. एवढं थोडं औषध १ मिलिलिटरच्या सिरिंजमध्येच मोजता येतं. ५ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ते सुईच्या बुडातच संपतं. त्याच बाळाचं हृदय बंद पडलं असेल तर तेच औषध शिरेतून किंवा हाडातून द्यायचं, पण आधी विरळ करून : १ मिलिलिटर औषधात ९ मिलिलिटर सलाइन, आणि त्यातलं ०.७ मिलिलिटर. मिलिग्रॅम दोन्हीकडे सारखेच, मिलिलिटर दहापट वेगळे. घाबरलेल्या खोलीत इथेच गफलत होते. म्हणून वहीत हे दोन्ही डोस एका पानावर असले तरी वेगवेगळ्या रंगाच्या चौकटींत आहेत. विरळ केलेली सिरिंज भरताक्षणी तिच्यावर ‘हृदय बंद – १० मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम’ अशी चिठ्ठी चिकटते. एकाने डोस मोठ्याने सांगायचा, भरणाऱ्याने तो मिलिलिटरसह परत म्हणायचा, मगच द्यायचा. दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचंच, आणि पूर्णांकानंतर ‘.०’ कधीच लिहायचं नाही. ‘५.०’चं घाईत ‘५०’ होतं.

आकडीच्या औषधातही ताकदीचाच घोळ असतो. आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली की औषध द्यायचं, शीर सापडायची वाट पाहायची नाही. मिडाझोलाम नाकातून ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो देता येतं. पंधरा किलोच्या मुलाला ३ मिलिग्रॅम झाले. १ मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम अशा ताकदीचं औषध असेल तर ०.६ मिलिलिटर, दोन्ही नाकपुड्यांत अर्धं अर्धं, आणि फवाऱ्याच्या नळीत जे अडकतं त्यासाठी साधारण ०.१ मिलिलिटर जास्त ओढायचं. तेच औषध १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅमवालं असेल तर ३ मिलिलिटर होतं. तेवढं नाकात राहत नाही, घशात उतरतं आणि उपयोग होत नाही. त्यामुळे आकडीच्या पेटीत ५ मिलिग्रॅमवालंच ठेवलं आहे. त्याच पेटीत ग्लुकोमीटर आहे. आकडी आलेल्या किंवा मलूल असलेल्या प्रत्येक मुलाची साखर त्याच मिनिटाला बघायची. साखर खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज २ ते ५ मिलिलिटर प्रतिकिलो. १० टक्क्यांचं हाताशी नसेल तर २५ टक्क्यांच्या दोन भागांत इंजेक्शनच्या शुद्ध पाण्याचे तीन भाग मिसळायचे. हेही वहीत आहे.

ट्रॉलीबद्दल थोडक्यात. मुलांची साधनं मोठ्यांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी असू नयेत, वजनाच्या गटांप्रमाणे वेगळी असावीत : त्या गटाचा मास्क, ॲम्ब्यू बॅग (दाबून श्वास द्यायची पिशवी), लॅरिंजोस्कोपचं (घशात बघायच्या साधनाचं) पातं, श्वासनलिकेत घालायच्या दोन मापांच्या ट्यूब, सक्शन कॅथेटर, बीपीचा कफ, आणि हाडात टोचायची सुई. हाडाच्या सुईबद्दल लोक कचरतात. कोसळलेल्या मुलात शीर शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा एक-दोन प्रयत्नांत जमलं नाही की नडगीच्या हाडात, गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या थोडं खाली आणि आतल्या सपाट बाजूला सुई घालायची, हे सर्वांनी मॉडेलवर करून ठेवलेलं हवं. बीपीचा कफ लहान असला की दाब खोटा जास्त येतो आणि शॉकमधलं, म्हणजे रक्ताभिसरण कोसळत चाललेलं मूल ठीक वाटतं.

आता ट्रायाज. इथे मशीनआधी नजर लागते. दारातून येतानाच तीन गोष्टी पाहायच्या : मूल कसं दिसतंय, श्वास कसा घेतंय, त्वचेचा रंग कसा आहे. आईकडे बघतंय का, हात लावला की विरोध करतंय का, रडणं जोरकस आहे की कण्हल्यासारखं? जोरात रडणारं मूल लक्ष वेधून घेतं आणि कोपऱ्यात गप्प पडलेलं मागे राहतं. सिस्टरनी आधी त्या गप्प मुलाकडे जायचं असतं.

श्वास मोजणं हे सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम आहे. केस पेपर चाळले की ओळीने सगळ्यांचे श्वास २४ नाहीतर २८ लिहिलेले सापडतात. म्हणजे कोणी मोजलेलेच नसतात. बाळ आईच्या मांडीवर असतानाच, थर्मामीटर किंवा बोटाचा क्लिप लावण्याआधी, कपडा वर करून पोटाकडे बघत पूर्ण साठ सेकंद मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर बाळांमध्ये चुकतं, कारण त्यांचा श्वास एकसारखा नसतो, मध्ये थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा भिंतीवर लावली आहे : दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. रडताना मोजले असतील तर तसं लिहायचं आणि शांत झाल्यावर पुन्हा मोजायचे. श्वास जलद, पण छाती स्वच्छ असेल तर साखर आणि रक्तातलं आम्ल आठवायला हवं. मधुमेहाचं पहिलंच निदान कधी कधी असं ‘दमा’ म्हणून दारात येतं.

शॉकच्या बाबतीत बीपीवर विसंबणं धोक्याचं आहे. मुलाचं शरीर हृदयाचे ठोके वाढवून आणि हातापायाचं रक्त आवरून दाब बराच वेळ टिकवून धरतं. तो पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. एक ते दहा वर्षांत वरचा आकडा ७० अधिक वयाच्या दुपटीखाली गेला की तो कमी, हे लक्षात ठेवावं, पण त्याआधीच हातपाय गार आहेत का, नाडी जलद आणि बारीक आहे का, त्वचा पाच सेकंद दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का, हे पाहायचं. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर ते हसत असलं तरी रांगेत बसवायचं नाही.

सलाइनची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. सात किलोच्या बाळाला ५०० मिलिलिटरची बाटली थेट लावली आणि कोणाचं लक्ष नसलं तर जवळजवळ ७० मिलिलिटर प्रतिकिलो आत जातं. त्यामुळे विभागात लहान मुलाला बाटली थेट लावायचीच नाही. मध्ये ब्युरेट, म्हणजे मोजखुणांचं छोटं भांडं असतं, आणि बोलस, म्हणजे एकदम झपाट्याने दिलेलं सलाइन, द्यायचा तर थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून मोठ्या सिरिंजने मोजून ढकलायचा. एका वेळी १० मिलिलिटर प्रतिकिलो, मग थांबून यकृत चाचपायचं, छाती ऐकायची, श्वास मोजायचे, आणि मगच पुढचं ठरवायचं. हा सावधपणा फुकाचा नाही. केनिया, युगांडा आणि टांझानियात झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फीस्ट चाचणीत ताप आणि मंदावलेलं रक्ताभिसरण असलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांचा समावेश होता. झपाट्याने बोलस दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते, बोलस न दिलेल्यांत ७.३ टक्के. जुलाबाने कोरडी पडलेली मुलं त्या चाचणीत नव्हती, हेही विसरून चालत नाही. तीव्र डिहायड्रेशनमध्ये पाणी भरून काढावंच लागतं. जवळ अतिदक्षता विभाग आहे की नाही यावरही निर्णय बदलतो. एकच आकडा सगळ्या मुलांना लावणं हीच चूक.

वेदनेकडे दुर्लक्ष होतं ते सवयीने. हात मोडलेल्या मुलाचा आधी एक्स-रे होतो आणि औषध नंतर आठवतं. आम्ही पॅरासिटामॉल १५ किंवा आयब्युप्रोफेन १० मिलिग्रॅम प्रतिकिलो ट्रायाजच्या सिस्टरनीच द्यावं अशी लेखी मुभा घेतली. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांखाली नाही. जोराच्या वेदनेला नाकातून फेंटानिल १.५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो चालतं, सुई लागत नाही. बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाच गोष्टींवरून दहापैकी मोजता येते. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा मोजायची. पुन्हा न मोजलेली वेदना कमी झाली असं धरून चालणं आम्हाला मान्य नाही. सुई टोचताना मूल आईच्या कुशीत बसलेलं असावं, टेबलावर चौघांनी दाबून धरलेलं नसावं. ‘काही दुखणार नाही’ असं त्याला सांगू नये. पुढच्या वेळी ते विश्वास ठेवत नाही.

चांगल्या सेवेत काही गोष्टी न करणंही येतं. ब्राँकिओलायटिसच्या (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्या सुजलेल्या) बाळाला सरसकट एक्स-रे, नेब्युलायझर, स्टेरॉइड यांचा फायदा होत नाही. नाक साफ करणं, दूध पोटात जातंय का ते बघणं, लागेल तेव्हा ऑक्सिजन, एवढंच. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक मुलाचं सीटी स्कॅन लागत नाही. बेचाळीस हजारांवर मुलांच्या अभ्यासातून २००९ मध्ये पुढे आलेल्या पेकार्न (मुलांच्या आपत्कालीन उपचारांवर संशोधन करणारं अमेरिकी जाळं) नियमांनुसार, दोन वर्षांवरचं मूल पूर्ण शुद्धीत असेल, बेशुद्ध झालं नसेल, उलटी नसेल, तीव्र डोकेदुखी नसेल, कवटीच्या तळाशी फ्रॅक्चरची खूण नसेल आणि मार जबर नसेल, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता ०.०५ टक्क्यांहून कमी असते. हे नातेवाइकांना समजावून सांगायला स्कॅन लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तो वेळ द्यायलाच हवा.

मॉक ड्रिल आम्ही विभागातच, चालू ड्यूटीत, दहा मिनिटांची ठेवतो. वेगळ्या हॉलमध्ये केलेल्या सरावात ट्रॉली नेहमी जागेवर असते, ऑक्सिजनची नळी नेहमी पुरते. खऱ्या खोलीत नळी दोन हात कमी पडते, मास्कचं माप सापडत नाही, हाडाची सुई कुलपात असते. हेच शोधायला ड्रिल असतं. घड्याळ लावून तीन वेळा टिपायच्या : वजन कधी कळलं, ऑक्सिजन कधी लागला, ॲड्रेनलिनचा पहिला डोस कधी गेला. हृदय बंद पडलेलं आणि विजेचा झटका देण्याजोगा ठोका नसलेलं मूल असेल तर तो पाच मिनिटांच्या आत जायला हवा. उपचार करणारे दोघे असतील तर छातीवरच्या १५ दाबांमागे २ श्वास. मुलांत बहुधा श्वास आधी बंद पडतो, हृदय नंतर, म्हणून इथे मास्क-बॅगने नीट श्वास देता येणं ट्यूब टाकण्याहून महत्त्वाचं. बाळाच्या खांद्याखाली छोटी घडी ठेवली की मोठ्या डोक्यामुळे मान पुढे दुमडत नाही आणि हवा आत जाते. आईबाबांना खोलीबाहेर काढायचं नाही. त्यांच्याजवळ एक माणूस फक्त त्यांच्यासाठी उभा करायचा.

डिस्चार्जच्या वेळी सर्वांत जास्त निसटतं. आल्यावर ठोके १७० होते, ताप उतरला, मूल बरं दिसतंय, कागद तयार, आणि ठोके पुन्हा मोजलेलेच नाहीत. ताप उतरूनही ठोके किंवा श्वास चढेच असतील तर वरिष्ठांनी पाहिल्याशिवाय घरी सोडायचं नाही, हा नियम कागदावरच छापून घेतला. औषध चमच्यात सांगायचं नाही. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमवाल्या बाटलीतून ६ मिलिलिटर, २५०वाल्यातून ३, आणि १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांतून फक्त दीड. तेच थेंब कोणी चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर दिले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. म्हणून सिरिंज हातात द्यायची, तिच्यावर पेनने रेघ मारायची आणि आईकडून एकदा ओढून घ्यायची. परत कधी यायचं तेही ‘काही वाटलं तर या’ असं मोघम सांगायचं नाही : दूध-पाणी घेत नाही, सगळं उलटून पडतं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, उठवलं तरी नीट जागं होत नाही, आठ तास लघवी नाही, आकडी आली.

हे सगळं टिकतंय का हे बघायला दर महिन्याला काही केस पेपर न निवडता उचलतो. मोजलेलं वजन, पूर्ण व्हायटल्स (ठोके, श्वास, ताप, बीपी), पुन्हा मोजलेली वेदना, दम्यात पहिल्या तासात गेलेलं स्टेरॉइड, सेप्टिक (जंतुसंसर्गामुळे आलेल्या) शॉकमध्ये पहिल्या तासात गेलेलं अँटिबायोटिक. तपासणी न होताच निघून गेलेली मुलं वेगळी मोजतो, कारण त्यांतली काही खरंच आजारी असतात. ७२ तासांत परत आलेल्या मुलांचा नुसता आकडा फसवा असतो. आपणच परत बोलावलेली मुलंही त्यात येतात, आणि आजार वाढला म्हणून आलेलं मूल म्हणजे चूकच झाली असं नसतं. परत येऊन दाखल करावं लागलेल्या मुलांचे पहिल्या भेटीचे कागद मात्र ओळ न ओळ वाचतो. त्या वाचनातून एक नियम झाला आणि तो कोणी बदलू नये असं आम्हाला मनापासून वाटतं : त्याच दुखण्यासाठी दुसऱ्यांदा आलेलं मूल, किंवा ‘हे याचं नेहमीचं आजारपण नाही’ असं ज्याची आई सांगते ते मूल, आकडे कितीही चांगले असोत, ड्यूटीवरच्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांनी स्वतः तपासायचं.